मनगट दुखते म्हणणाऱ्या लेकराचे ऐका



आपल्याकडे मनगटाला फार मान आहे. ज्याच्या मनगटात जोर आहे तो कोणापुढे हात पसरत नाही, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. आणि ते खरेच आहे. धानाची रोवणी असो, कापणी असो, तेंदूपाने तोडणे असो, कोशाचा धागा काढणे असो की शिलाई मशीन चालवणे असो, आपली घरे मनगटाच्या बळावरच उभी राहिली. आता मुले शिकली, संगणकावर बसू लागली. तिथेही काम करते ते मनगटच. म्हणून आज या सदरात मुलांच्या मनगटाविषयी लिहितो आहे.

विषय थोडा नवा वाटेल. जिम्नॅस्टिक, मल्लखांब, योगासन असे खेळ खेळणाऱ्या लहान मुलामुलींच्या मनगटाला होणारी एक विशिष्ट इजा आणि त्यातून बरे होण्याचा मार्ग, हा तो विषय. कोणी म्हणेल, आरमोरीत कुठले आले जिम्नॅस्टिक? मुंबई-पुण्यासारखी मोठी सभागृहे आपल्याकडे नाहीत, हे कबूल. पण शाळेच्या स्नेहसंमेलनात मानवी मनोरे होतात. योगासनांच्या स्पर्धा होतात. दूरचित्रवाणीवरचे नाच पाहून पोरे तणसाच्या ढिगावर कोलांट्या मारतात, हातावर चालतात. शिवाय हे खेळ आता शहरी मुलांपुरते राहिलेले नाहीत. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडमधील नारायणपूरची अबुझमाड मल्लखांब अकादमी पाहा. जंगलातल्या खेड्यांमधल्या आदिवासी मुलांचा हा संघ. २०२३ मध्ये त्यांनी इंडियाज गॉट टॅलेंट ही देशभर पाहिली जाणारी स्पर्धा जिंकली. भामरागडच्या पलीकडची पोरे हे करू शकतात, तर उद्या आपलीही करतील. ती करावीत, पण धडधाकट हातांनी करावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी डॉक्टर नाही. कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. परंतु वस्तीतल्या लोकांबरोबर दवाखान्यात जाणे, कागदपत्रे भरून देणे, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना समजावून सांगणे हे काम अनेक वर्षे करतो आहे. त्यातून जे कळले आणि जे वाचले ते सोप्या भाषेत मांडतो.

वाढीची चकती म्हणजे काय?

लेकराचे हाड हे मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी प्रत नसते. हातापायाच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कुर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या मऊ पदार्थाचा, एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढीची चकती म्हणू. या थरात नवीन पेशी तयार होतात, त्या हळूहळू कडक होतात आणि हाड लांब होते. वाढीचे वय संपले की चकतीचेही हाड होते आणि उंची थांबते. मनगटाजवळची चकती मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या सुमारास मिटते. प्रत्येकाचे थोडे पुढेमागे होते.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. एक अंगठ्याच्या बाजूचे, दुसरे करंगळीच्या बाजूचे. हातावर भार टाकला की त्याचा मोठा वाटा अंगठ्याकडचे हाड उचलते. आणि गंमत अशी की या हाडाची सुमारे तीनचतुर्थांश वाढ मनगटाजवळच्या चकतीतूनच होते. म्हणजे जिथे वाढ जास्त, तिथेच भार जास्त.

आता मुख्य गोष्ट. मुलांच्या सांध्याभोवतीचे स्नायुबंध या चकतीपेक्षा मजबूत असतात. त्यामुळे ज्या धक्क्याने मोठ्या माणसाचे मनगट नुसते मुरगळेल, त्याच धक्क्याने लहान मुलाची चकती दुखावू शकते. म्हणून वाढत्या वयातल्या मुलाच्या मनगटाला "मुरगळले असेल" असे म्हणून सोडून देऊ नये.

इजा दोन तऱ्हांनी होते

पहिली तऱ्हा पडण्याची. मूल हातावर पडते आणि चकतीच्या जागी हाड सरकते किंवा मोडते. कॅनडातील टोरांटो येथील सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी १९६३ मध्ये अशा इजांचे पाच प्रकार लावून दिले. आजही जगभरचे हाडांचे डॉक्टर त्याच क्रमाने बोलतात. अहवालावर "सॉल्टर-हॅरिस दोन" असे लिहिलेले दिसले तर घाबरू नये. इजेचा तो दुसरा प्रकार, आणि मनगटात तोच जास्त आढळतो. क्रमांक साधारणपणे जितका वरचा, तितकी पुढच्या वाढीची काळजी अधिक.

दुसरी तऱ्हा हळूहळू झिजण्याची. ही जिम्नॅस्टिकची खास इजा. इंग्रजीत तिला जिम्नॅस्ट रिस्ट असेच नाव पडले आहे. या खेळात मनगट मागे वाकवून त्यावर सगळे अंग तोलायचे असते. हातावर कोलांटी घेताना मनगटावर शरीराच्या वजनाच्या दुपटीपर्यंत, काही उड्यांत त्याहूनही अधिक भार येतो. ३० किलोच्या लेकराच्या मनगटांवर क्षणभर ६० किलो, म्हणजे धानाच्या ४० किलोच्या कट्ट्याच्या दीडपट! एकदा आला तर शरीर सोसते. पण तोच प्रकार रोज पन्नास वेळा, आठवड्यातून सहा दिवस झाला, तर चकतीला होणारी इजा भरून निघायला वेळच मिळत नाही. चकतीला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्यांवर दाब येतो, कुर्चेचे हाड होण्याचे काम अडते आणि चकती रुंद, खडबडीत दिसू लागते.

मल्लखांबात भाराचा प्रकार थोडा वेगळा. दोरीवर लोंबकळताना मनगटावर ओढ येते, तर खांबाच्या बोंडावर हातांनी उभे राहताना दाब येतो, आणि उतरताना हात टेकला तर धक्का बसतो. योगासनातील हातावर तोलायची आसने, नाचातील हातावरच्या गिरक्या यांनाही हेच लागू आहे.

दुखणे ओळखावे कसे?

सुरुवातीला मूल म्हणते, सराव झाल्यावर मनगट दुखते. रात्री थांबते, सकाळी विसरते. पुढे सराव चालू असतानाच दुखू लागते. शेवटी पेन धरताना, बादली उचलतानाही दुखते. तिसऱ्या पायरीची वाट पाहू नका. पहिल्या पायरीवरच लक्ष द्या.

घरी पाहण्यासारख्या खुणा अशा. तळहात जमिनीवर टेकवून भार दिला की मनगटाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या अंगाला दुखते. मनगटाच्या थोडे वर, हाडावर बोट दाबले की मूल हात मागे घेते. किंचित सूज असते. दोन्ही मनगटे मागे वाकवून पाहिली तर एक कमी वाकते. पकड ढिली वाटते. इजा दोन्ही हातांना असू शकते, त्यामुळे "दुसराही तसाच दुखतो, म्हणजे काही नाही" असा अर्थ काढू नये.

मनगट पडल्यावर वाकडे दिसत असेल, बोटे बधिर किंवा निळी पडली असतील, तर घरी तपासत बसू नका. हात फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला सैल बांधून, गळ्यात झोळी करून तसेच दवाखाना गाठा.

आपल्या भागासाठी एक महत्त्वाची सूचना. गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात, आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात, सिकलसेलचा आजार बराच आहे. सिकलसेल असलेल्या मुलाची हाडे काही न लागता दुखतात, हातपाय सुजतात. अशा मुलाच्या मनगटदुखीचा दोष खेळावर टाकून मोकळे होता येत नाही. तसेच दुखण्याबरोबर ताप असेल, हाड गरम लागत असेल, रात्री झोप उडत असेल, तर हाडात जंतू शिरलेले असू शकतात. त्याला विश्रांती पुरत नाही, त्याच दिवशी डॉक्टर हवा. मुलाची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर करून घ्या. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. तपासणीचे कार्ड दवाखान्यात जाताना बरोबर ठेवा.

चोळण्याचा हट्ट सोडा

आपल्याकडे हात दुखावला की पाय आधी वळतात ते चोळून देणाऱ्याकडे किंवा हाडवैदाकडे. तो गावातच असतो, ओळखीचा असतो, पैसे कमी घेतो. त्याच्याविषयी मला वाईट बोलायचे नाही. गरिबाला दुसरे कोणी नव्हते तेव्हा तोच धावून आला. पण वाढीची चकती बोटांना दिसत नाही. ती दिसते एक्स-रेत. आणि सरकलेली चकती जोराने चोळली, ओढली, पुन्हापुन्हा बसवली, तर जी इजा भरून निघाली असती ती कायमची होऊ शकते.

यात वेळेचा हिशोबही आहे. चकतीच्या जागी हाड सरकले असेल तर डॉक्टर ते पहिल्या काही दिवसांत बसवतात. मुलांचे हाड फार लवकर जुळते. साधारण आठ-दहा दिवस उलटून गेल्यावर ते पुन्हा हलवणे डॉक्टर टाळतात, कारण जुळत आलेल्या चकतीवर जोर लावला तर तिचेच नुकसान होते. "आठ दिवस लेप लावून पाहू, नाही बरे वाटले तर दवाखान्यात नेऊ" असे म्हणता म्हणता हाड बसवण्याची संधीच निघून जाते.

बांबूच्या कामट्यांनी घट्ट बांधणे तर त्याहून धोक्याचे. घट्ट बांधल्याने रक्त अडले तर काही तासांत स्नायू मरतात आणि बोटे आखडून पंज्यासारखी होतात. जर्मनीचे डॉक्टर फोल्कमन यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्लास्टर दवाखान्यातले असले तरी बोटे सुजली, निळी पडली, मुंग्या आल्या, किंवा दुखणे असह्य झाले, तर रात्रीची वेळ असली तरी परत जा.

खर्चाची भीती अनेकांना अडवते. म्हणून सांगतो, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. आरमोरीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे गडचिरोलीला मोठा दवाखाना आहे, आणि गुंतागुंत असेल तर नागपूरचे मेडिकल आहेच. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांनाही मुलाचे दुखणे सांगता येते.

डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात. मूल कोणता खेळ खेळते, रोज किती वेळ खेळते आणि दुखणे कधीपासून आहे. दोन्ही मनगटांचा एक्स-रे काढून तुलना करावी लागेल का, हेही विचारावे. सुरुवातीच्या काळात एक्स-रे चांगला दिसूनही इजा असू शकते. १९८५ मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या एका नियतकालिकात २१ तरुण जिम्नॅस्टांचा अभ्यास छापून आला होता. सर्वांना तेच दुखणे होते. त्यातील ११ जणांच्या एक्स-रेत चकतीतला बदल दिसला, १० जणांच्या एक्स-रेत दिसला नाही. ज्यांच्यात बदल दिसला नाही ते सरासरी ४ आठवड्यांत बरे झाले. ज्यांच्यात दिसला त्यांना किमान ३ महिने लागले. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक्स-रे चांगला आला म्हणजे मूल ढोंग करते असे नाही. आणि दुखणे लवकर धरले तर थोडक्यात निभावते, उशीर केला तर महिने जातात.

विश्रांती म्हणजे नेमके काय?

या दुखण्यावरचे मुख्य औषध म्हणजे मनगटाला विश्रांती. डॉक्टर पट्टी किंवा मनगटाचा आधार देतील, गरज वाटल्यास प्लास्टर घालतील. पडून मोडलेले हाड साधारण ३ ते ६ आठवडे प्लास्टरमध्ये राहते. झिजण्याच्या इजेत हातावर भार देणे निदान ४ ते ६ आठवडे, आणि इजा जास्त असेल तर ३ ते ६ महिने बंद ठेवावे लागते. दुखणे दाबणारी गोळी देऊन स्पर्धेत उतरवणे हा मुलावर अन्याय आहे. दुखणे हा शरीराने दिलेला अर्ज असतो. त्यावर विचार करायचा असतो, तो दाबून ठेवायचा नसतो.

इथे मला माता-भगिनींशी आणि विशेषतः बापमंडळींशी थोडे बोलायचे आहे. आमच्या ओळखीतल्या एका सातवीतल्या मुलीला डॉक्टरांनी सहा आठवडे सराव बंद करायला सांगितला. घरी सगळ्यांनी ते ऐकले. सराव बंद झाला. आणि पोरगी संध्याकाळी रिकामी आहे म्हणून तिच्याकडे हापशीचे पाणी आले, धुणे आले, पुढे रोवणी सुरू झाली तेव्हा चिखलात वाकून परे लावणे आले. महिन्याने हात होता तसाच. डॉक्टर म्हणाले, हिने सराव थांबवलेला दिसत नाही. पोरगी मान खाली घालून उभी राहिली. घरच्यांना कळेना की चुकले कुठे.

हापशीचा दांडा, भरलेला गुंड, पिळायची चादर, उपटायचे परे, या सगळ्याचा भार मनगटावरच येतो. खेळाला विश्रांती आणि घरकामाला हजेरी, ही विश्रांती नव्हे. भावाचा हात मोडला तर आपण त्याला खाटेवर बसवून जेवण देतो, बहिणीचा हात मोडला तर डाव्या हाताने झाड म्हणतो. निदान बरे होण्याच्या काळात तिच्या वाट्याचे पाणी भावाने किंवा बापाने आणले तर कोणाची इज्जत जात नाही.

दुसरी गोष्ट. विश्रांती म्हणजे मुलाला कोपऱ्यात बसवणे नाही. पाय, पोट, पाठ यांचे व्यायाम डॉक्टरांना विचारून चालू ठेवता येतात. धावणे, लवचीकतेचे प्रकार, एका पायावर तोल साधणे हे करता येते. मुलाला मैदानावर जाऊ द्या, सोबत्यांमध्ये राहू द्या, नाहीतर त्याचे मन खचते आणि ते लपूनछपून हातावर उभे राहू लागते.

खाण्याकडेही पाहावे. नुसत्या भातावर हाड भरत नाही. डाळ, अंडी, दूध किंवा ताक, तीळ, नाचणी, हिरव्या पालेभाज्या, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी यांतून हाडाला लागणारे पदार्थ मिळतात. सकाळ-संध्याकाळ थोडे ऊन अंगावर घ्यावे. या खेळात अंग हलके राहावे म्हणून काही ठिकाणी मुलींना कमी खायला सांगतात. वाढत्या वयात पोट मारले तर पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडे कच्ची राहतात. मुलीची पाळी थांबली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

परतीच्या पायऱ्या

दुखणे थांबले की मुलाला वाटते, झाले, आता उडी मारावी. इथेच अनेकांचा घात होतो. दुखणे आधी जाते, चकतीची ताकद नंतर येते. म्हणून परत जाताना पायरी-पायरीने जावे. पुढची वाट डॉक्टर किंवा व्यायामोपचार तज्ज्ञ यांच्या सल्ल्याने ठरवावी, पण तिचा साधारण क्रम कळावा म्हणून देतो.

पहिली पायरी रोजच्या कामाची. नळाची तोटी फिरवणे, ताट उचलणे, रुमाल पिळणे यांत काहीही दुखू नये. हाडावर बोट दाबले तरी दुखू नये.

दुसरी पायरी ताकदीची. मऊ चेंडू दाबणे, पाण्याची छोटी बाटली हातात धरून मनगट वर-खाली करणे, भिंतीला तळहात टेकवून हलके ढकलणे.

तिसरी पायरी थोड्या भाराची. गादीवर गुडघे आणि तळहात टेकून रांगण्याच्या स्थितीत राहणे, अंग हळूहळू पुढे झुकवणे.

चौथी पायरी पूर्ण भाराची, पण बिनधक्क्याची. भिंतीच्या आधाराने हातांवर उभे राहणे, आधी काही सेकंद, मग वाढवत.

पाचवी पायरी धक्क्याची. मऊ गादीवर साधी कोलांटी, मग हातावरची उडी, आणि सर्वांत शेवटी उंचावरून उतरणे किंवा घोड्यावरची झेप.

एका पायरीवर निदान आठवडाभर राहावे. दुखले नाही तर पुढे जावे. दुखले तर एक पायरी खाली यावे आणि दोन-चार दिवस थांबावे. सलग दोन दिवस हातावरचा सराव ठेवू नये. एक दिवस हाताचा, एक दिवस पायाचा, असा फेरा लावावा. मनगट जास्त मागे वाकू न देणारे पट्टे मिळतात, त्यांचा उपयोग होतो. पण पट्टा बांधला म्हणून दुखऱ्या हाताने खेळू नये.

माझ्या कारकुनी सवयीतून एक सुचवतो. दहा रुपयांची वही घ्या. रोज तारीख टाका. आज काय केले, किती वेळ केले, दुखले का, दुखले तर शून्य ते दहांमध्ये किती, एवढ्या चार गोष्टी मुलानेच स्वतः लिहाव्या. महिन्याच्या शेवटी पाने उलटली की कोणत्या प्रकाराने दुखते ते समोर येते. डॉक्टरांनाही ही वही फार कामाची. एक्स-रे आणि चिठ्ठ्या त्याच पिशवीत ठेवा.

आणखी एक तारीख वहीत आधीच लिहून ठेवावी, ती फेरतपासणीची. चकतीची मोड भरली तरी पुढे वाढ नीट चालली आहे का, हे साधारण सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने एक्स-रे काढून पाहावे लागते. दुखत नाही म्हणून लोक जात नाहीत. चकती वेळेआधी मिटली तर अंगठ्याकडचे हाड आखूड राहते, करंगळीकडचे वाढतच जाते, मनगट तिरके होते आणि मधल्या कुर्चेला भोक पडू शकते. असा हात मोठेपणी प्रत्येक कामात दुखतो आणि कधी शस्त्रक्रिया करावी लागते. उलट वेळेवर कळले तर उपाय सोपे असतात. दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, वेळेवर थांबलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात आणि पुन्हा खेळतात.

शिक्षक आणि प्रशिक्षकांना विनंती

महाराष्ट्राला या खेळांची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ दाखवले. मुंबईत शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना मल्लखांबाच्या प्रसारासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा २०१९ मध्ये त्याच शिवाजी पार्कवर झाली. ही परंपरा टिकायची तर ती लेकरांच्या शाबूत हाडांवरच टिकेल.

जगानेही हे उशिरा का होईना ओळखले. १९७६ मध्ये नादिया कोमानेची मॉन्ट्रियलला दहापैकी दहा गुण मिळवून गेली तेव्हा ती १४ वर्षांची होती. पुढे मुलींसाठी मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरण्याचे किमान वय १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ करण्यात आले. आणि थांबल्याने खेळाडू संपतो असेही नाही. आपल्या त्रिपुराची दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चौथी आली. २०१७ मध्ये तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दुखणे मनगटाचे नव्हते, पण थांबावे तिलाही लागले. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील मेर्सिनच्या स्पर्धेत तिने सुवर्ण घेतले आणि २०२४ मध्ये, वयाच्या तिशीत, आशियाई स्पर्धेचे सुवर्ण.

शिक्षकांवरचा ताण मी जाणतो. तालुक्याची, जिल्ह्याची, विभागाची स्पर्धा, प्रमाणपत्र, दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण, सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण. गरिबाच्या घरी त्या प्रमाणपत्राची किंमत काय असते हे मला सांगायला नको. त्यामुळे मूल दुखणे लपवते. आईबाप पाहून न पाहिल्यासारखे करतात. अशा वेळी शिक्षकाने "कोणाचे मनगट दुखते?" असे रोज सरावाआधी विचारले, आणि हात वर करणाऱ्याला संघातून काढले जाणार नाही अशी खात्री दिली, तर निम्मे काम होते. सिमेंटच्या ओट्यावर हातावरच्या उड्या घेऊ नयेत. गाद्या नसतील तर तणसाचा जाड थर घालून त्यावर सतरंजी घालावी, आणि तेही जमत नसेल तर तो प्रकार त्या वर्षी घेऊ नये. मूल भराभर उंच होत असते त्या वर्षी चकती सर्वांत नाजूक असते, तेव्हा हातावरचा सराव वाढवू नये, कमी करावा.

आईबापांना उलट टोकाचीही सूचना द्यावीशी वाटते. मनगट दुखावले म्हणून "बस झाला तो खेळ, पोरीच्या जातीला काय करायचा आहे" असे म्हणून कायमचा खेळ तोडू नका. दुखऱ्या हाताने खेळवणे जितके चुकीचे, तितकेच बऱ्या झालेल्या हाताला घरी बसवणे चुकीचे. आपल्या मुली मोठ्या कष्टाने मैदानापर्यंत पोचल्या आहेत. चार महिने थांबून त्या परत गेल्या पाहिजेत.

व्यापार शिकलेला माणूस मुद्दल आणि व्याज यांत गल्लत करत नाही. पदक, प्रमाणपत्र, वाढीव गुण हे व्याज. लेकराचा हात हे मुद्दल. त्याच हाताने त्याला पुढे साठ वर्षे लिहायचे आहे, कमवायचे आहे, स्वतःच्या लेकराला उचलायचे आहे. या वर्षीची स्पर्धा गेली तर पुढच्या वर्षी येते. म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करा. खेळणाऱ्या मुलाला जवळ बोलवा, त्याचे दोन्ही तळहात जमिनीवर टेकवायला सांगा आणि विचारा, कुठे दुखते का रे बाळा? आणि त्याने हो म्हटले, तर उद्याच दवाखान्यात न्या.